पंच्याऐंशी न्यूटन-मीटर

सातारा, रविवार, ११ जानेवारी २०२६

संयोगिता,

'प्रिय' लिहिलं असतं तर तू तिथेच पत्र मिटवलं असतंस, म्हणून नुसतं नाव लिहिते. तुझा नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवर मी दोन वाक्यांत विषय संपवते, हे तुझंच निरीक्षण. कागदावर तसं केलं तर पान रिकामं दिसतं. बेंगळुरूचा पत्ता तुझ्या आईंनी दिला. कशाला हवा, ते त्यांनी विचारलं नाही.

कळवायचं ते असं. तुझ्या आजोबांची लाल दोन-सीटर अजून सांगलीतच आहे, हिंदुराव मिस्त्रींच्या गाळ्यामागे, पत्र्याखाली. पंधरा महिन्यांत तुमच्या घरून कुणी न्यायला आलं नाही. मी तुझ्या चुलतभावाला फोन केला. पृथ्वीराजदादा म्हणाले, "भंगारात घाल नायतर तुझ्या घरी ने. आमच्या दारात ती गाडी परत नको."

मी ती दुरुस्त करते आहे. मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारी पेटी, बदलून मोठं, जास्त मजबूत बसवणार आहे. जुनं मूळच्या साठ अश्वशक्तीच्या इंजिनासाठी केलेलं होतं. आपण त्या जागी एकशे दहा अश्वशक्तीचं जपानी इंजिन चढवलं आणि मागे हात लावला नाही. यवतेश्वर घाटातल्या चढाईच्या स्पर्धेत सातव्या वळणावर मागची चाकं जाम झाली, ती त्यामुळेच असणार. कमजोर भाग होता, तो गेला.

स्पर्धा घेणाऱ्या क्लबच्या अहवालात 'चालकाने वळणातच अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्याने' असं लिहिलं आहे, आणि त्यावरून तुझं नाव चालकांच्या यादीतून काढलं, हे मला माहीत आहे. त्यानंतर तू गाडी चालवलेली नाहीस, हे तुझ्या आईंकडून कळलं. मनगट नीट जुळलं का, ते त्यांनी सांगितलं नाही.

कमजोर डिफरन्शियल हे कारण सगळ्यांना पुरेसं व्हावं, असं मला वाटतं.

उत्तराची अपेक्षा नाही.

स्वप्ना


सांगली, रविवार, २५ जानेवारी

संयोगिता,

हे हिंदुरावांच्या गाळ्यात बसून लिहिते आहे. माझ्यामागे भिंतीवर पुराची रेघ आहे, माझ्या डोक्याच्या वर वीतभर. बाजारातून हळदीचा वास येतो आहे. सहाची कराड गाडी पकडायची आहे.

नवं डिफरन्शियल आलं. नवं म्हणजे एका मोठ्या गाडीतून काढलेलं, पण आत ओरखडा नाही. जुन्याच्या क्राऊन व्हीलचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा, व्यास एकशे पासष्ट मिलीमीटर होता. याचा दोनशे आहे. आत चकत्यांचा एक संच आहे. एक चाक खडीवर मोकळं फिरायला लागलं तरी दुसऱ्याला जोर मिळत राहतो.

मी कारखान्यात दिवसाला दोनशे गिअर तपासते. तरी झाकण उघडल्यावर मी बघत राहिले. इंजिनाचा सगळा जोर कुठल्याही क्षणी दोन-तीन दातांवर असतो. त्यांचा एकमेकांना होणारा स्पर्श माझ्या नखाएवढा. एवढ्याशा जागेतून अख्खी गाडी डोंगर चढते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. हातात धरल्यावर ते खरं वाटेना.

हिंदुराव म्हणाले, "बघ बघ. पन्नास वर्सं झाली, मीबी अजून बघतोय."

मग त्यांनी एका ट्रक ड्रायव्हरला डिफरन्शियल म्हणजे काय ते सांगितलं. मी चार वर्षं कॉलेजात शिकले, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. "औत वळताना बघितलंयस न्हवं? आतला बैल जाग्यावर पाय हलवतो, भाईरचा लांबनं फिरतो. पर जू एकच. आतल्याला दमानं, भाईरच्याला जोरात चालू द्यायचं आन् जू मोडू द्यायचं न्हाई. त्येला म्हंत्यात डिफ्रन्सल."

दातांचा स्पर्श कुठे होतो ते बघायला ते वाडग्यात शेंदूर घेतात, त्यात दोन थेंब तेल. करंगळीनं सहा दातांना लावायचा, चाक फिरवायचं आणि शेंदूर कुठे पुसला गेला ते बघायचं. मी म्हणाले, "आमच्या कारखान्यात याला वेगळी पेस्ट येते."

"येत असंल. आमच्या मारुतीला ह्योच आन् डिफ्रन्सललाबी ह्योच. दोगांचं काम वजन उचलायचंच."

पुढे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन दातांमधली फट किती, ते मी डायल लावून मोजत होते. हिंदुरावांनी चाकावर डावा तळहात ठेवला, मागेपुढे हलवलं आणि म्हणाले, "चौदा." डायलवर शून्य पूर्णांक चौदा शतांश मिलीमीटर होतं. मला वाटलं त्यांनी चोरून बघितलं. ते चहाला गेले तेव्हा मी आतली पातळ चकती बदलली आणि डायल फिरवून भिंतीकडे केला. आल्यावर त्यांनी पुन्हा हात ठेवला. "आता अठरा झालंय. म्हाताऱ्यासंगं खेळतीस व्हय गं?"

अठराच होतं. मी तीनदा मोजलं.

माणसाच्या तळहाताला मिलीमीटरचा शंभरावा भाग कळतो, हे मी कुठल्याही परीक्षेत चूक म्हणून खोडलं असतं.

जुनं डिफरन्शियल त्यांनी उघडलेलं नाही. "ती तुमची गाडी. तू आल्याबिगर झाकण काढायचं न्हाई असं मी ठरीवलं हुतं," म्हणाले. पुढच्या वेळी उघडेन.

स्वप्ना


सातारा, रविवार, ८ फेब्रुवारी

संयोगिता,

जुनं उघडलं. आकडे आधी देते, मग बाकीचं.

क्राऊन व्हील दहा बोल्टनी धरलेलं असतं. त्यांपैकी चार सैल झाले होते. एक पूर्ण बाहेर येऊन, मोडून, दातांमध्ये अडकला होता. चाकं जाम झाली ती त्यामुळे.

आता हे नीट वाच. प्रत्येक दाताला दोन बाजू असतात. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर असतो तेव्हा पुढची बाजू जोर घेते. पाय उचलला की मागची. तू वळणात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असतास, तर तो बोल्ट पुढच्या बाजूला रुतला असता. तो मागच्या बाजूला रुतलेला आहे. पुढची बाजू आरशासारखी स्वच्छ आहे. म्हणजे चाकं जाम होण्याच्या आधीच तुझा पाय उचललेला होता.

कवचाच्या आत बोल्ट घासल्याची चकचकीत रेघ आहे. म्हणजे काही अंतर तुला आवाज येत होता. इंजिन ओरडत असताना, हेल्मेटच्या आत, तू तो ऐकलास.

मग मी क्लबनं काढलेले फोटो मोबाईलवर मोठे करून बघितले. रस्त्यावरचे टायरचे काळे पट्टे डोंगराच्या भिंतीआधी साधारण बावीस मीटरवर सुरू होतात, आणि सुरू होतात तेव्हाच ते डोंगराकडे वळलेले आहेत. मागची चाकं जाम झाल्यावर गाडी कुणाचं ऐकत नाही. तेव्हा ती जिकडे तोंड करून असेल तिकडे जाते. तू तोंड आधीच डोंगराकडे केलं होतंस. दरीकडचा कठडा त्या पावसाळ्यात कोसळला होता. तिथे नुसती पांढरी रंगवलेली पिंपं होती.

आवाज ऐकणं, पाय उचलणं, कुठल्या बाजूला आपटायचं ते ठरवणं. हे सगळं तू एका वळणाच्या आत केलंस. मी हे मोजायला दोन रविवार घेतले, आणि माझ्यासमोर सगळं थांबलेलं होतं.

मी आठ वर्षं तुझ्याबरोबर काम केलं. तू वेगात चालवतेस एवढंच मला वाटायचं. तू काय करतेस ते मला आज कळलं, तुझ्या मोडलेल्या गाडीच्या तुकड्यांवरून. मला हे नीट लिहिता येत नाही. कधीतरी खूप मोठा पूल खालून बघताना मान दुखते तरी खाली घालवत नाही, तसं काहीतरी झालं.

बोल्ट सैल कसे झाले, ते तपासते आहे.

स्वप्ना


सातारा, बुधवार, ११ फेब्रुवारी

संयोगिता,

तपासायचं काही नव्हतं. स्पर्धेच्या दिवसापासून मला माहीत आहे.

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी होती, दसरा शनिवारी आणि स्पर्धा रविवारी, हे तुला आठवेल. शुक्रवारी सकाळी गाडीचं डिफरन्शियल उघडं होतं. तुम्ही सगळे गावी पूजेला गेला होतात. हिंदुरावांनी गाळा धुतला, पाट मांडला, सगळे पाने, हातोड्या, जॅक त्यावर ओळीनं ठेवले आणि हळद-कुंकू लावलं. एकदा मांडलं की दसरा उलटून उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा त्यांचा रिवाज.

माझ्या पेटीला ते शिवले नाहीत. "तुमच्यात नसतंय, तू तुजं काम कर मागच्या बाजूला," म्हणाले. पण माझा टॉर्क रिंच नवा होता, ठरलेला जोर आला की टक् वाजणारा. तो त्यांनी उचलला, पुसला आणि पाटावर मधोमध ठेवला. वर झेंडूचं फूल. "ह्यो समद्यांत शाना. ह्येला मधी मान," म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

आमच्या घरी शस्त्रपूजा नसते. दसऱ्याची आमची सकाळ विहारात जाते. तरीही, संयोगिता, गाळ्यांत आणि कारखान्यांत मला आजवर जो मान मिळाला त्याची यादी लहान आहे, आणि तो त्यातला एक होता. मी तिथे 'माझा रिंच काढून द्या' म्हटलं असतं, तर मी ती पूजा मोडणारी मुलगी झाले असते. कोण कुठली, हे मग गाळ्यात न बोलता बोललं गेलं असतं. असं मला वाटलं. त्यांनी तसं काहीही केलेलं नव्हतं.

झाकणाच्या कडेला लावलेला गम सुकायला पूर्ण दिवस लागतो. रविवारी पहाटे गाडी न्यायची होती. म्हणून झाकण शुक्रवारीच बंद करायला हवं होतं.

मी दहाही बोल्ट माझ्या पेटीतल्या साध्या पान्यानं आवळले. हाताला पुरेसे वाटले. मग मी तपासणीच्या तक्त्यात दहा ओळींसमोर लिहिलं: ८५, ८५, ८५. पंच्याऐंशी न्यूटन-मीटर, बोल्ट जेवढ्या जोरानं आवळायचा तो आकडा. सही केली. एकही आकडा कुठल्याही साधनानं मोजलेला नव्हता.

तू त्या तक्त्यावरून मला चिडवायचीस. "स्वप्ना, तू तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा अधिक-उणे किती मिनिटं ते छापशील." पण स्पर्धेआधी तू तो तक्ता मागून घ्यायचीस, खालची सही बघायचीस आणि हेल्मेट घालायचीस. त्या रविवारीही तसंच केलंस.

अहवाल लिहिला गेला तेव्हा मी त्या खोलीत होते. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, मागचं काम चोख होतं?" मी तक्ता पुढे केला.

आणखी एक. जुनं डिफरन्शियल कमजोर नव्हतं. परवा पुन्हा गणित केलं. एकशे दहा अश्वशक्ती ते आरामात पेलत होतं. मजबूत बसवायचं हे मी ठरवलं, कारण ते बसवलं की जुनं कमजोर होतं असं आपोआप सिद्ध होतं.

रविवारी सैल बोल्ट दिसले तेव्हा हिंदुरावांनी हात धुतले, दोन खुर्च्या ओढल्या. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मागितला असतास तर दिला असता की गं. देवाला रिंच लागत न्हाई, तुला लागतोय."

मी म्हणाले, "तुम्ही हातानं करता, म्हणून मला वाटलं…"

"माझा हात चुकून चुकून शाना झालाय. किती गाड्या परत आल्यात माझ्या, तुला ठावं हाय का? तू चुकायच्या आधीच माझा हात घेतलास." मग म्हणाले, "त्या पोरीला सांगितलंस?"

आज सांगते आहे.

स्वप्ना


सातारा, सोमवार, २३ फेब्रुवारी

संयोगिता,

काल क्लबच्या बैठकीत लेखी निवेदन वाचलं. तुटलेला बोल्ट, क्राऊन व्हील आणि तो तक्ता टेबलावर ठेवला. दाताच्या दोन्ही बाजू सगळ्यांना हातानं दाखवल्या.

सचिव जयराज म्हणाले, "मॅडम, सोळा महिन्यांनी आठवलं होय?"

मी म्हणाले, "आठवत होतंच."

पृथ्वीराजदादा आले होते. त्यांनी क्राऊन व्हील उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. "आमच्या पोरीला वर्षभर बोललो आम्ही," म्हणाले. "ट्रॅक्टर चालवल्यागत चालवती म्हणून. जेवायला बसली की बोललो. ताटावरनं उठून गेली ती." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. बाहेर जाऊन उभे राहिले ते बैठक संपेपर्यंत.

अहवाल बदलला. तुझं नाव चालकांच्या यादीत परत आलं. तपासनिसांच्या यादीतून माझं काढलं. दोन्ही योग्य आहे.

नवं डिफरन्शियल तरीही बसवलं. जुन्याचे दात आता वापरता येत नाहीत. बोल्ट टॉर्क रिंचनं आवळले, प्रत्येक दोनदा, आणि दुसऱ्यांदा आकडा हिंदुरावांच्या नातीनं वाचून लिहून घेतला, मी नाही. सांगलीहून साताऱ्याला गाडी मीच आणली, पन्नासच्या वर नेली नाही. ती माझ्या खोलीखाली उभी आहे. चावी मागायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

स्वप्ना


सातारा, सोमवार, १६ मार्च

संयोगिता,

शनिवारी पाळी सुटताना तू कारखान्याच्या गेटवर उभी होतीस. "चावी," म्हणालीस. त्यानंतर माझ्या खोलीपर्यंत आपण रिक्षात काही बोललो नाही. जे तेव्हा बोलता आलं नाही ते लिहिते. हे शेवटचं.

इतकी वर्षं गाडीचं काम मी केलं, पण तू घाट चढताना शेजारी कधी बसले नव्हते. वजन वाढतं म्हणून. शनिवारी तू डावं दार उघडून म्हणालीस, "बस. आज वजनाचं राहू दे."

तुझं उजवं मनगट पूर्ण वळत नाही. तू ते लपवत नाहीस. वळणाच्या आधीच हात चाकावर सरकवून ठेवतेस. पहिल्या दोन वळणांना तू गाडी नुसती चाचपत होतीस. तिसऱ्याला आतलं चाक खडीवर गेलं. जुनी गाडी असती तर तिथे ते चाक मोकळं किंचाळलं असतं. ही थांबलीच नाही. मागून कुणी पाठीला तळहात लावून ढकलावं तशी ती वळणातून बाहेर पडली. हे मी कागदावर किती वेळा मांडलं असेल. पाठीला पहिल्यांदाच कळलं. तू "हां!" असं काहीतरी म्हणालीस, गाडीला.

सातव्या वळणाला तू वेग कमी केला नाहीस. मी डोळे मिटले नाहीत, मुद्दाम. भिंतीवर अजून लाल रंग आहे, दीड हात लांब.

वर यवतेश्वरला तू गाडी कडेला घेतलीस. इंजिन बंद केल्यावर सगळीकडे फारच शांत झालं.

"वाजत नाहीये," तू म्हणालीस.

"नाही."

"त्या दिवशी तुला काय वाटलं होतं? पुरेसे आवळलेत?"

"हो."

"खरं सांग."

"खरंच वाटलं होतं. नाहीतर लिहिलं नसतं."

तू खाली साताऱ्याकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "मला आवाज आला ना, तेव्हा आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. म्हटलं, स्वप्नाच्या कामात आवाज कसा येईल? म्हणून पाय उचलायला एक सेकंद उशीर केला मी. हे मी कुणाला सांगितलं नाही."

तू माझ्याकडे वळलीस. "मोजलंस ना आत्ता?"

"हो."

"किती?"

"साठच्या वेगाला एक सेकंद म्हणजे सतरा मीटर."

तू हसलीस. ते कसलं हसू होतं, मला ठरवता आलं नाही. "लय भारी आहेस बाई तू," म्हणालीस आणि डोळे पुसलेस. मग दार उघडायची खूण केलीस. "उतर आता. गाडी मी नेते. तुझं काय करायचं ते मला अजून ठरवू दे."

मी उतरले. तू गाडी वळवून खाली गेलीस. मी चालत निघाले. पायवाटेनं लवकर पोहोचले असते, पण रस्त्यानं गेले, कारण आवाज ऐकायचा होता. एकेक वळण उतरताना ऐकू येत होतं, मग लांब झालं, मग नाहीच. मला वाटलं, शहरात पोहोचलीस.

मी निम्म्यावर असेन. खालून तो आवाज परत वर यायला लागला.

मला न्यायला येते आहेस असं वाटून मी कडेला थांबले. हात वर करावा की नाही, एवढा विचार होईपर्यंत तू वळणातून आलीस. थांबली नाहीस. वेगही कमी केला नाहीस. तुझी मान किंचित डावीकडे कललेली होती, ओठ घट्ट मिटलेले आणि नजर पुढच्या वळणावर. मी तिथे आहे हे तुला दिसलंही नसेल. मागची दोन्ही चाकं एकाच वेळी रस्ता धरून गेली. धूळ माझ्या तोंडावर आली, आणि मी ती पुसली नाही.

त्यानंतर तू आणखी दोनदा वर गेलीस. मी कठड्याला टेकून दोन्ही वेळा बघत होते.

स्वप्ना